आईची काच आणि बाबांचा सँडर

आमच्या घरात धुळीवरून भांडण होतं असं सांगितलं की लोकांना वाटतं, केर कुणी काढायचा यावरून होत असेल. तसं अजिबात नाही. आमचं भांडण असतं ते दिसतच नाही अशा धुळीवरून.

आई घड्याळं दुरुस्त करते. मनगटी, जुनी, चावी द्यायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल आहे. त्यावर चिमटे, तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू आणि डोळ्याला लावायची दोन भिंगं. बाबा दिवसभर विमा कंपनीत दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासतात आणि घरी आले की मागच्या खोलीत लाकूडकाम करतात. हौस म्हणून. गेल्या वर्षापासून मीही करते. म्हणजे एकाच घरात एकीकडे घड्याळं, दुसरीकडे लाकूड आणि मध्ये फक्त एक दार. लग्न ठरवताना या दोघांनी काय विचार केला होता, असं मी एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "तेव्हा हे कविता करायचे. कवितेचा भुसा उडत नाही."

आईची एक पद्धत आहे. घड्याळ उघडण्याआधी ती टेबलावर घड्याळाची एक सुटी काच ठेवते. तिच्यावर तेलाचा अगदी पुसट हात फिरवलेला असतो. थोडा वेळ काच तशीच पडून राहू द्यायची, मग भिंग लावून बघायची. काच स्वच्छ असेल तर घड्याळाचं झाकण उघडायचं. काचेवर कण दिसले तर त्या दिवशी झाकणाला हात लावायचा नाही. पट्टे बदलायचे, चाव्या बसवायच्या, असली वरवरची कामं करायची. पूर्वी काच रोज स्वच्छ असायची. मग बाबांनी सँडर आणला. सँडर म्हणजे पॉलिश पेपर लावून गरगर फिरणारं, लाकूड घासून गुळगुळीत करणारं यंत्र. आमचा सँडर जुना, कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला, आणि त्याच्या ढुंगणाला धूळ गोळा करायला एक कापडी पिशवी. ती पिशवी धूळ गोळा करते म्हणणं म्हणजे चाळणी पाणी साठवते म्हणण्यासारखं आहे.

आणि मग ते झालं. एका दंतवैद्य बाईंच्या वडिलांचं घड्याळ आईने दुरुस्त करून दिलं आणि आठवड्याभरात ते बंद पडून परत आलं. आईने उघडलं. चाकाच्या दातात अक्रोडाच्या लाकडाचा तपकिरी कण. एवढासाच. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं घड्याळ रुमालात गुंडाळून घेऊन गेल्या, आणि ते आईला जास्त लागलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आईने टेबल पुसलं, भिंग डब्यात ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "अहो, महिनाअखेर मागची खोली रिकामी करा. तिथे कपाट ठेवू."

बाबा म्हणाले, "बरं."

बरं! मला वाटलं, माझ्याच कानात भुसा गेलाय. मागच्या खोलीत बाबा शीळ घालतात. घरात इतर कुठेच घालत नाहीत, ऑफिसात तर नाहीच नाही. आणि हा माणूस नुसतं 'बरं' म्हणतो? मला आई-बाबा 'भिंगरी' म्हणतात, कारण मी एका जागी टिकत नाही. पण त्या दिवशी मी सगळ्या घरभर फिरले, गच्चीवर जाऊन आले, जिन्यावरून तीनदा खालीवर केलं, तरी ते 'बरं' काही डोक्यातून जाईना.

मागच्या वर्षापर्यंत मी अशा वेळी गप्प बसले असते. वर्गात प्रश्न विचारायचा म्हटलं तरी मी बाकाखाली पेन्सिल शोधायला लागायचे. पण मग मी शाळेतल्या बाकाचा हलणारा पाय बसवला, मग दुसरा, आणि आता मुख्याध्यापक बाईसुद्धा त्यांच्या खुर्चीबद्दल मला विचारून जातात. ज्या मुलीला मुख्याध्यापक बाई खुर्चीबद्दल विचारतात, तिने आईला का घाबरावं?

"आई," मी म्हटलं, "तुझा राग लाकडावर आहे की धुळीवर?"

"दोघांवर."

"नीट सांग."

आईने माझ्याकडे भिंगाशिवाय पाहिलं. "धुळीवर."

"मग धूळ येणारच नाही असं यंत्र आणलं तर? काच स्वच्छ राहिली तर?"

"काच स्वच्छ राहिली तर राहू दे खोली," आई म्हणाली. "पण काच मी बघणार. आणि दुकानातच बघणार. घरी आणून मग हळहळायचं नाही."

बाबा पेपरामागून म्हणाले, "अगं कशाला, एवढं महागातलं..." मी त्यांचा पेपरच काढून घेतला.

त्यानंतर मी अभ्यास सोडून सगळा अभ्यास केला. सँडर आणि धूळ ओढणारं मशीन, ज्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात, यांचे इतके व्हिडिओ पाहिले की झोपेतसुद्धा एक दाढीवाला माणूस मला पाइपची जाडी समजावून सांगत होता. चांगल्या सँडरच्या तळव्याला भोकं असतात, तशीच पॉलिश पेपरलाही असतात. ती एकावर एक बसवायची, की मागून एक्स्ट्रॅक्टर पाइपमधून धूळ थेट ओढून घेतो. सँडर चालू केला की एक्स्ट्रॅक्टर आपोआप चालू होतो. मला तर निळ्या पट्टीचा मोठा सँडरच हवा होता. मोठा म्हणजे जास्त लाकूड, कमी वेळ, आणि दिसतोही काय! मैत्रीण म्हणाली, "तू एखाद्या मुलाबद्दल बोलतेयस असं वाटतंय." मी म्हटलं, "मुलाला कुठे पाइप जोडता येतो?"

शनिवारी आम्ही तिघं अवजारांच्या मोठ्या दुकानात गेलो. बाबांच्या पिशवीत अक्रोडाची वहीएवढी फळी, आईच्या पर्समध्ये कापसात ठेवलेल्या काचा. मी दोघांच्या पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे. आई म्हणाली, "सरळ चालशील तर आपण लवकर पोचू."

दुकानात मागच्या बाजूला यंत्रं चालवून बघायला एक काचेची खोली होती. तिथे एक ताई होती. कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा, म्हणजे खरी काम करणारी. आईने कापसातून काच काढून कामाच्या बाकाच्या कडेला ठेवली तेव्हा ती म्हणाली, "हे काय, काकू?"

"परीक्षक," आई म्हणाली.

आधी बाबांनी हट्टाने पिशवीवाला स्वस्तातला सँडर लावला. "नवीन आहे, चालेलही," असं पुटपुटत त्यांनी फळी बाकावरच्या शिकंज्याच्या पकडीत आवळली आणि घासायला लागले. थोड्याच वेळात आईने काच उचलली, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाली, "ही काच आहे की नकाशा?" बाबांनी सँडर खाली ठेवला. तो विषय तिथेच संपला.

मग माझा. निळ्या पट्टीचा, मोठ्या तळव्याचा, आणि त्याला जोडलेला लठ्ठ एक्स्ट्रॅक्टर. ताईने भोकं जुळवून पेपर लावून दिला, बटणं दाखवली, "हे सँडरचा वेग, हे ओढण्याची ताकद, तुमच्या मनाने फिरवा" म्हणाली, आणि तेवढ्यात तिला बाहेर कुणीतरी हाक मारली म्हणून गेली.

तुमच्या मनाने! आमच्या घरात धुळीविरुद्धचं कुठलंही बटण आजपर्यंत मधे थांबलेलं नाही. झाडू असो, फडकं असो, व्हॅक्यूम असो, सगळं पूर्ण जोरात. आईने धाकच तसा घातलाय. मी एक्स्ट्रॅक्टर त्याच्या वेगळ्या बटणाने एकटाच चालू केला आणि ताकदीचं बटण गरकन शेवटपर्यंत फिरवलं. एक्स्ट्रॅक्टर असा घुमला की मला वाटलं, बाबांचा चष्मा आत जाईल. आई पहिल्यांदाच हसली. "हां, याला म्हणतात ओढणं."

बाबांनी सँडर फळीवर टेकवला आणि चालू केला.

तो उडाला. उडाला म्हणजे काय, एका जागी चिकटायचा, मग एकदम झटका देऊन बाजूला जायचा. बाबांचा हात त्याच्याबरोबर फरफटायचा. बाबांनी दोन्ही हातांनी धरला, वरून दाबला. तो आणखी चिकटला. मग त्यांनी तो सोडवायला जरा उचलला, तर फिरता पेपर हवेत आला आणि तपकिरी धुळीचा फवारा इकडे तिकडे. पुन्हा टेकवला, पुन्हा झटका. बाबांच्या मनगटाची शीर टरारून वर आलेली मला दिसत होती.

"बंद करा," आई म्हणाली. "अहो, हात मोडेल."

बाबांनी दोन्ही यंत्रं बंद केली. फळीवर सगळीकडे बारीक बारीक वळसे, कुणीतरी गंजक्या खिळ्याने गिरवल्यासारखे. आईने काच उचलली. यावेळी नकाशा नव्हता. पण कण होते. बाबांनी सँडर जितक्या वेळा उचलला होता, तितका भुसा तिथे बसला होता.

"हे एवढं महागडं," आई हळू म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, हे मला तिच्या आवाजावरून कळलं, आणि त्यामुळे आणखी वाईट वाटलं. ती रागावली असती तर मी भांडले तरी असते.

"चला," बाबा म्हणाले. "यंत्राचा दोष नाही. माझा हातच जड. कपाट कुठलं घ्यायचं ते तरी बघून जाऊ, तळमजल्यावर आहेत." आणि ते शिकंजा सैल करायला लागले. हसत होते. ऑफिसात साहेबांसमोर हसतात तसं, फक्त दातांनी.

"थांबा ना!" मी म्हटलं. "पेपर बदलून बघू. वेग कमी करून बघू."

"भिंगरी, पुरे."

"दुसरा लावून बघू! ताईला बोलावते!"

"पुरे म्हटलं ना!"

बाबा माझ्यावर कधीच ओरडत नाहीत. काचेच्या खोलीबाहेरचा एक माणूस वळून बघायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. पण हात कधी ऐकतात का माझं? मला रडू येत असलं तरी हातांना काहीतरी करायचंच असतं. मी एक्स्ट्रॅक्टरचं तेच वेगळं बटण दाबून तो पुन्हा चालू केला, सँडर बंदच, आणि रागारागाने सँडर फळीवर ठेवून उचलला. जागेवर परत ठेवून द्यायला म्हणून.

फळीही वर आली.

शिकंजा बाबांनी काढलाच होता. फळी सँडरच्या तळव्याला चिकटून हवेत लोंबत होती, लहान मूल आईच्या कडेला चिकटतं तशी. मी हात हलवला. फळी हलली. पडली नाही.

आई म्हणाली, "अगं बाई!"

मी हसायलाच लागले. नाक वाहत होतं, तरी हसत होते. "बाबा, हा घासतच नव्हता! हा चिकटला होता! तुम्ही दाबताय, मागून तो ओढतोय, मग फिरणार कसा बिचारा? बघा ना, आत हवा जायला जागाच नाही. हवाच आत गेली नाही, तर धूळ कशावर बसून जाणार?"

बाबांनी चष्मा वर केला. फळीखाली हात धरून म्हणाले, "कमी कर. हळू."

मी बटण मागे फिरवलं. थोडं. आणखी थोडं. फळी एका कडेने सुटली, लटकली आणि बाबांच्या तळहातावर पट्टकन पडली.

"इथे," बाबा म्हणाले. "इथेच राहू दे."

फळी पुन्हा आवळली. आईने न सांगता नवी काच काढली आणि या वेळी बाकाच्या कडेला नाही, थेट फळीच्या शेजारी ठेवली. ती जिंकू देणाऱ्यातली नाही. बाबांनी सँडर टेकवला. दाबायची सवय होती, खांदे वर गेलेच. मी ओरडले, "नुसता धरा! कप धरल्यासारखा!" त्यांनी खांदे सोडले.

आणि तो चालला. बर्फावरून चालावा तसा. बाबांनी एक हात काढून घेतला. मग धरलेल्या हाताची दोन बोटं सैल केली. वळसे एकेक करून पुसट झाले, खालून अक्रोडाच्या काळपट रेषा वर आल्या. मी तिथेच उड्या मारत होते. आई म्हणाली, "लांब जाऊन मार, माझ्या काचेवर चपलांची धूळ येईल."

ती भिंग लावून किती वेळ बघत होती! काच फिरवली. भिंग बदललं, जास्त ताकदीचं लावलं. माझा जीव नुसता टांगणीला. बाबा फळीवरून हात फिरवत होते, पण डोळे आईकडे.

"आता कडा घासा," आई म्हणाली.

मला वाटलं, हा अन्याय आहे. कडेवर सँडरचा अर्धा तळवा बाहेर राहतो, तिथून धूळ निसटणारच. दाढीवाल्या माणसानेही तेच सांगितलं होतं. बाबांना ते कळत होतं. तरी त्यांनी कडा घासल्या. आईने काच पाहिली.

"सपाटीला काही नाही," ती म्हणाली. "कडेला आहे. थोडी, पण आहे."

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी बाबा बोलले.

"कडा मी हाताने घासेन," ते म्हणाले. "बाहेर गॅलरीत, दार लावून. पाणी मारून घासेन, उडणारच नाही. पण खोली मी रिकामी करणार नाही." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, दिवसभर मी फुटलेल्या गाड्यांचे फोटो बघतो. मला ती खोली पाहिजे."

आईने भिंग डोळ्यावरून काढलं. "मग त्या दिवशी 'बरं' का म्हणालात?"

"तुझं घड्याळ परत आलं होतं. तोंड कुठे होतं मला बोलायला?"

"मी वाट बघत होते, तुम्ही भांडाल म्हणून," आई म्हणाली. "मला काय कपाटाची हौस आहे?"

काय माणसं आहेत ही! महिनाभर माझी झोप उडाली आणि हे दोघं एकमेकांची वाट बघत बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही दोघं आधी बोलला असतात तर माझी गणिताची चाचणी तरी बरी गेली असती."

"चाचणी?" दोघं एकदम म्हणाले.

मी ताईला बोलावायला पळाले.

पुढे फक्त एका गोष्टीवरून वाजलं, आणि ते माझं आणि बाबांचं. ताईने त्याच जातीचा लहान तळव्याचा सँडरही दाखवला. बाबांनी तो हातात घेतला, फिरवला, फळीवर चालवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की माझा निळ्या पट्टीचा मोठा गेला.

"बाबा, मोठ्याने अर्ध्या वेळात होतं."

"घाई तुला आहे. मला कुठे आहे?" ते म्हणाले. "मला उलट जास्त वेळ लागायला हवा."

ताई हसली. "छोटा उभ्या कामालाही बरा पडतो. आणि तुझ्या हातातही नीट बसेल." मी हातात घेऊन बघितला. बसला. खोटं कशाला बोलू? मी तरी तोंड पाडूनच उभी राहिले, उगाच लगेच कबूल कशाला करायचं? एक्स्ट्रॅक्टर मात्र तोच लठ्ठ घेतला. बाबा म्हणाले, सहलीचे पैसे यातच गेले, या वर्षी सुट्टीत आपण घरीच फिरू, पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत. आई म्हणाली, परवानगी काढून फिरा.

घरी आल्यावर कुणालाच दम नव्हता. बाबांनी मागच्या खोलीत खोकी उघडली, मी पाइप जोडला, पेपरची भोकं जुळवली, ताकदीचं बटण अधल्यामधल्या जागी आणून तिथे पेन्सिलने खूण केली. पुढच्या खोलीत आईने टेबलावर काच ठेवली. दार लावलं. बाबांनी सुरू केलं.

मला राहवेना. मी दार उघडून पुढे गेले. "आहे का काही?"

"आत्ताच ठेवलीय."

मागे आले. बाबांना सांगितलं, "आत्ताच ठेवलीय." पुन्हा पुढे. "आता?" आईने भिंग लावलं. "स्वच्छ." मी मागे पळाले, "स्वच्छ!" बाबांनी अंगठा दाखवला. पुन्हा पुढे. आई काच न्याहाळत होती आणि तिच्या कपाळाला आठी.

"काय झालं?"

"दोन कण. मघाशी नव्हते." आई उठली, दाराच्या फटीवरून हात फिरवला, खिडकी बघितली. मग माझ्याकडे वळली, माझा हात धरला आणि मला खिडकीच्या उजेडात उभं केलं. स्वेटरच्या बाहीवरून भिंग फिरवलं. मग केसांवरून.

"अहो!" तिने हाक मारली. सँडर थांबला. बाबा दारात आले, चेहरा पांढरा.

"तुमचं यंत्र चोख आहे," आई म्हणाली. "गळती इथे आहे. ही मुलगी दर मिनिटाला तुमची धूळ अंगावर घेऊन माझ्याकडे येते आणि झटकून परत जाते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग इतके हसले की त्यांना चौकट धरावी लागली. मीही हसले, पण थोडं कमी.

"खोलीला कुलूप नको," आई म्हणाली. "तुझ्या पायांना लावते. ठरव. इकडे, नाहीतर तिकडे. काम संपेपर्यंत मधलं दार उघडायचं नाही."

इकडे की तिकडे! इकडे बसले तर सँडर कोण चालवणार? तिकडे बसले तर काचेचं कोण सांगणार? मी दारात एक पाय पुढे, एक पाय मागे अशी उभी राहिले. आईने सरळ मला मागच्या खोलीत ढकललं आणि दार लावून घेतलं.

"बस," बाबा म्हणाले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसलेच आहे."

"पाय हलवू नकोस."

"हलवत नाहीये."

त्यांनी लहान सँडर माझ्या हातात दिला. मी फळीवर टेकवला आणि हात सैल सोडला. बाबा पलीकडे जाऊन पुढचा तुकडा शिकंज्यात लावायला लागले. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, पण त्यांचे ओठ शिळेसाठी गोल झालेले मला दिसले. दार बंद होतं. पलीकडे काच काय म्हणत होती, कोण जाणे. मी उठले नाही.